आमची वाटचाल : भट्टीच्या आधीचं काम

आमच्या डेंटल लॅबची, म्हणजे कृत्रिम दात बनवणाऱ्या कार्यशाळेची, सुरुवात मेटल सिरॅमिकनं झाली. त्या काळात बहुतेक लॅब्ज तशाच सुरू होत. धातूची पातळ टोपी ओतायची, तिचा काळसरपणा झाकायला ओपेकचा, म्हणजे अपारदर्शक, थर द्यायचा आणि त्यावर ब्रशनं पोर्सेलिन चढवत दात उभा करायचा. हे काम आम्ही आजही करतो, त्याला कमी लेखत नाही. दाढांचे लांब ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले जोडदात) या पद्धतीनं वर्षानुवर्षं तोंडात टिकले आहेत. पुढच्या दातांना मात्र तिची मर्यादा जाणवायची. खऱ्या दातात प्रकाश शिरतो, आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. ओपेक त्याला वाटेतच अडवतो. त्यामुळे पोर्सेलिन कितीही मन लावून चढवलं तरी कॅप शेजारच्या दातापुढे निर्जीव वाटायची, आणि पुढे हिरडी जराशी सरकली की कडेला करडी रेघ उघडी पडायची. डॉक्टरांचे फोन बहुतेक त्या रेघेबद्दलच असत.

प्रेस सिरॅमिककडे, म्हणजे मऊ केलेलं सिरॅमिक दाबून साच्यात भरायच्या तंत्राकडे, आम्ही वळलो ते या कारणानं. हे तंत्र १९८० च्या दशकात झुरिच विद्यापीठात आकाराला आलं आणि १९९० च्या सुमारास इव्होक्लार कंपनीनं ते ‘एम्प्रेस’ या नावानं बाजारात आणलं. त्यातलं सिरॅमिक ल्युसाइटचे स्फटिक असलेल्या काचेचं होतं. दिसायला सुंदर, पण वाकवण्याच्या चाचणीतली ताकद साधारण १६० मेगापास्कल. व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूचं पातळ आवरण), इनले (दाताच्या आत बसणारं भरण) किंवा पुढचा एखादा क्राउन (कॅप) एवढ्यालाच ते पुरायचं. १९९८ मध्ये लिथियम डायसिलिकेट आलं आणि २००५ मध्ये त्याचं सुधारलेलं रूप, ‘ई-मॅक्स प्रेस’. काचेत सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे याची ताकद ४०० मेगापास्कलच्या घरात जाते. धातूचा आधार न घेता दाढेवर सुटा क्राउन द्यायचा विश्वास आम्हाला या मटेरिअलनं दिला. प्रेस फर्नेस (भट्टी) घ्यायचा निर्णय छोट्या लॅबसाठी मोठा असतो. आम्ही तो घेतला आणि आजही तो योग्यच वाटतो.

फर्नेस आल्यावर सुरुवातीला सगळं लक्ष अर्थातच फर्नेसकडे होतं. पण यंत्राचं काम तसं सरळ असतं. मेणाचा दात ज्यात पुरलेला असतो ती इन्व्हेस्टमेंटची (साच्याच्या मटेरिअलची) रिंग ८५० अंशांवर बर्नआउट करून, म्हणजे आतलं मेण जाळून, आणायची, गरम रिंगमध्ये थंड इनगॉट (सिरॅमिकची गोळी) आणि थंड ॲल्युमिना प्लंजर (दट्ट्या) ठेवायचा आणि रिंग निवायच्या आत झटपट फर्नेसमध्ये सरकवायची. पुढे सुमारे ९२० अंशांना इनगॉट मऊ होतो आणि प्लंजरच्या दाबानं घट्ट मधासारखा साच्यात उतरतो. प्रोग्रॅम ठरलेला असतो, त्यात हाताला फारसं काम नसतं. प्रेस झालेल्या दातात जे दिसतं, ते सगळं त्याआधीच ठरून गेलेलं असतं. हे जसजसं उमगत गेलं, तसतसं आमचं काम भट्टीपासून मागे मागे सरकत गेलं. आमच्या वाटचालीचं सार मला यातच दिसतं.

पहिल्यांदा ते सरकलं मेणाकडे. मेण जळून जातं आणि त्याच्या जागी सिरॅमिक येतं, म्हणजे मेणात जे आहे तेच दातात उतरणार. पोर्सेलिनच्या थरांत नंतर भर घालता येते. पूर्ण आकारात प्रेस केलेल्या दाढेत तशी सोय फार थोडी. म्हणून कस्प (दाढेचे उंचवटे), खाचा, शेजारच्या दाताशी कॉन्टॅक्ट, सगळं मेणातच पुरं व्हायला हवं. सगळ्यात नाजूक जागा मार्जिन, म्हणजे क्राउन दाताला मिळतो ती कड. डायवर (कापलेल्या दाताच्या प्रतिकृतीवर) स्पेसर, म्हणजे सिमेंटला जागा ठेवणारा थर, लावतानाही मार्जिनजवळचा शेवटचा मिलिमीटरभर भाग आम्ही कोरा ठेवतो, म्हणजे तिथे क्राउन डायला घट्ट बसतो. बाकीचा क्राउन झाल्यावर मार्जिनवरचं मेण पुन्हा वितळवून नव्यानं बसवायचं, कारण मेण थंड होताना आकसतं आणि कडेपासून केसभर सुटतं. ती फट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली डाय फिरवत गेलं की एखाद्या ठिकाणी सावलीची बारीक रेघ दिसते. तिथे तापवलेल्या उपकरणाचं टोक टेकवायचं, मेण डायवर पसरू द्यायचं आणि मग जादाचं मेण बोथट कडेनं आतून बाहेर खरवडायचं. आमच्याकडे नवीन येणाऱ्या टेक्निशियनला आम्ही प्रेसच्या बाकी कशालाही हात लावू देण्याआधी हे शिकवतो. काहींना ते कंटाळवाणं वाटतं. पण याच कामात माणसाचा हात कळतो.

स्प्रूचंही, म्हणजे सिरॅमिकला साच्यात शिरायची वाट करणाऱ्या मेणाच्या दांडीचंही, तसंच. तो दाताच्या सगळ्यात जाड भागाला लावायचा आणि प्रवाहाच्या दिशेत ठेवायचा. मऊ झालेल्या सिरॅमिकला काटकोनात वळायला लावलं तर पातळ कडा अपुऱ्या राहतात. मेणाचं वजन करूनच इनगॉट किती लागेल आणि रिंग १०० ग्रॅमची घ्यायची की २०० ग्रॅमची, हे ठरतं. इन्व्हेस्टमेंटच्या लिक्विडमध्ये डिस्टिल्ड वॉटर किती मिसळलं यावर साच्याचं प्रसरण अवलंबून असतं. इनलेला ते कमी हवं, क्राउनला जास्त. क्राउन डायवर सैल बसतो की अडकतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या मापाच्या सिलिंडरमध्ये असतं.

डिव्हेस्टिंगमध्ये, म्हणजे रिंग फोडून दात बाहेर काढताना, घाई चालत नाही. रिंग पूर्ण थंड झाल्यावर बाहेरून प्लंजरची लांबी आखून घ्यायची, डिस्कनं कापून रिंग वेगळी करायची, मग ग्लास बीड्सच्या (काचेच्या बारीक मण्यांच्या) माऱ्यानं आधी ४ बार दाबावर आणि दात दिसू लागला की २ बारवर यायचं. इथे ॲल्युमिना वापरला तर मार्जिन कुरतडलं जातं. पृष्ठभागावर जो पांढरट थर उरतो तो अगदी सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात काढायचा. आम्ल सौम्य असलं तरी ते हायड्रोफ्लुओरिकच आहे. हातमोजे, चष्मा आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय आमच्याकडे ती बाटली उघडत नाही. तेच धुळीबद्दल. इन्व्हेस्टमेंटमध्ये स्फटिकी सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होतात. लॅबमध्ये पैसा आला की आधी सक्शन, मग बाकी, हा क्रम आम्ही सोडलेला नाही. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मेणाच्याही मागे गेलो तेव्हा गाठ शेडशी, म्हणजे दाताच्या रंगछटेशी, पडली. मेटल सिरॅमिकच्या काळात लॅब स्लिपवर ‘ए २’ एवढं लिहून आलं तरी भागायचं, कारण खाली काय आहे ते ओपेक झाकत होता. प्रेस सिरॅमिक पारभासक असतं. खालच्या दाताचा रंग वर येतो, म्हणजे तोही त्या शेडचाच भाग होतो. एका केसमध्ये समोरचे दोन दात होते. एक जिवंत, फिकट. दुसरा रूट कॅनाल झालेला आणि तपकिरी पडलेला. दोन्ही क्राउन एकाच इनगॉटमधून काढले असते तर तोंडात दोन वेगळे दात दिसले असते. डॉक्टरांनी स्टम्पचा (कापलेल्या दाताचा) फोटो शेड टॅबसह (रंगाच्या नमुन्यासह) पाठवला होता, म्हणून आम्हाला आधीच निवड करता आली. काळवंडलेल्या दातावर जास्त अपारदर्शक इनगॉटची कोपिंग (आतली टोपी) प्रेस करून वर थर दिले, फिकट दातावर कमी अपारदर्शक इनगॉट घेऊन पुढून थोडं कट-बॅक केलं, म्हणजे वरच्या थरासाठी जागा कमी करून घेतली. नंतर ज्या त्या स्टम्पच्या रंगाच्या डाय मटेरिअलवर दोन्ही ठेवून पाहिले. आता स्टम्प शेड आल्याशिवाय आम्ही पुढच्या दातांच्या केसला इनगॉट निवडत नाही. काही डॉक्टरांना ही अट जाचक वाटली आणि ते दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांच्याशी आमचं नातं फार पक्कं झालं.

आणि आणखी मागे गेलं की डॉक्टरांनी क्राउनसाठी दात कापण्यापर्यंत पोहोचतो. तिथे लॅबचा अधिकार नाही, पण बोलण्याचा हक्क आहे असं मी मानतो. चावण्याच्या बाजूला जागाच कमी मिळाली तर टेक्निशियन किती कुशल आहे याला अर्थ उरत नाही, क्राउन पातळ होणार आणि एक दिवस तडकणार. तसंच ब्रिजचं. तीन युनिटचा ब्रिज या मटेरिअलमध्ये होतो, पण शेवटचा आधार दुसऱ्या प्रीमोलरपर्यंतच (दाढांच्या आधीच्या छोट्या दातापर्यंतच), आणि कनेक्टरच्या (दोन युनिटमधल्या जोडाच्या) छेदाला १६ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ मिळणार असेल तरच. दाढेच्या ब्रिजसाठी प्रेस मागितलं तर आम्ही नकार देतो आणि झिर्कोनिया किंवा मेटल सिरॅमिक सुचवतो.

मिलिंगची, म्हणजे ब्लॉकमधून दात कोरून काढणारी, यंत्रं आली तेव्हा प्रेसचे दिवस संपले असं पुष्कळांनी सांगितलं. आम्ही स्कॅनर घेतला, डिझाइन स्क्रीनवर करायला शिकलो, पण सिरॅमिकचा ब्लॉक कोरण्याऐवजी पॅटर्न मेणात मिल करतो किंवा जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये प्रिंट करतो आणि मग प्रेस करतो. कोरणाऱ्या बरला (फिरत्या टोकाला) स्वतःची जाडी असते. टोकदार दाताच्या आतल्या कोपऱ्यात तो पोहोचत नाही, तिथे जास्तीची पोकळी राहते. पातळ कडेला बारीक टवके उडतात. मिल केलेलं किंवा प्रिंट केलेलं पॅटर्न डायवर बसवून मार्जिन आम्ही हातानंच पुन्हा मेणात बंद करतो. वेळ वाचतो तो आकारावर, मार्जिनवर नाही. तो तिथे वाचवायचाही नाही.

आमच्याकडे प्रेसची केस पाठवायची असेल तर स्टम्पचा फोटो, तयार दाताचा हवा तो शेड, समोरच्या जबड्याचा ठसा आणि बाइट (दात मिटल्यावर कसे जुळतात त्याची नोंद) सोबत द्या. क्राउन सिमेंटनं बसवणार की ॲडहेसिव्हनं, तेही कळवा. त्यावरून कमीत कमी जाडी किती चालेल ते ठरतं. लिथियम डायसिलिकेटला आतून ५ टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्लानं २० सेकंद एच करायचं (चिकटण्यासाठी खडबडीत करायचं) असतं, ल्युसाइटला ६० सेकंद. ते लॅबनं करायचं की तुम्ही ट्राय-इननंतर (तोंडात बसवून पाहिल्यावर) करणार, हेही स्लिपवर लिहा. आमच्या मते ते ट्राय-इननंतर केलेलं बरं, म्हणजे एच केलेल्या पृष्ठभागाला लाळ लागत नाही.