डेन्व्हर ते मोआब, मागे ट्रेलर लावून

आई-बाबा पुण्याहून आले की त्यांना तंबूत झोपवायचं नाही आणि मोटेलात राहून कॅम्पिंगचं नाव करायचं नाही, एवढ्या कारणाने आमच्याकडे ट्रेलर आला. सोळा फुटी स्कँप: फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोलसर, एकाच आसाचा, सामानासकट कमाल वजन ३,५०० पौंड. तो घेऊन ऑक्टोबरात युटातल्या मोआबला जाऊन आलो. फोटो पाहून विचारतात ते मात्र ‘कुठली गाडी लागते?’ म्हणून आधी गाडीचंच सांगते.

गाडीच्या नावावरून काही कळत नाही. टोयोटाची हायलँडरच घ्या. २०२०च्या व्ही-६ पेट्रोल मॉडेलची ओढायची क्षमता ५,००० पौंड, त्याच वर्षीच्या हायब्रिडची ३,५००. त्या पिढीच्या टोयोटाच्याच साध्या पेट्रोल रॅव्ह-फोरची १,५००, तर तिच्याच ॲडव्हेंचर मॉडेलची ३,५००. जुनी गाडी घेत असाल तर ‘अहो, आरामात ओढेल’ यावर जाऊ नका. नेमक्या वर्षाचं, नेमक्या इंजिनाचं मॅन्युअल उघडा. ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्स थंड ठेवणारा) आहे का, हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, कुठल्या वर्गाचा बसतो, वजन वाटून देणारा हिच चालतो का, हे तिथेच असतं. या शेवटच्या बाबतीत काही कंपन्या तो सक्तीचा करतात आणि काही चक्क मनाई करतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या पिकअपला चालला म्हणून आपल्याला चालेल असं नाही.

आम्ही व्ही-६ हायलँडर घेतली. ५,००० आणि ३,५०० यांत भरपूर अंतर आहे असं वाटतं ना? ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचं पिवळं-पांढरं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर असतं. हा पेलोड. प्रत्येक गाडीला स्वतःचा आकडा असतो, सनरूफ आणि जड चाकं घेतली की तो घटतो. आमच्या दारावर १,२५० आहे. आम्ही चौघं मोठे आणि मुलगी मिळून ६८० झाले. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जो भार टाकतो तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवा; आमचा ३९० भरतो, आणि तोही गाडीच्याच अंगावर. हिचचं लोखंड धरा ५०. उरले १३० पौंड. त्यात कूलर, पाच जणांच्या बॅगा आणि आईचा ‘तिकडे कुठे मिळणार’ म्हणून घेतलेला शिधा. ओढायच्या क्षमतेला आम्ही कधी पोचणारच नाही, पेलोडला मात्र घरातून निघतानाच पोचतो. क्षमता मोजायच्या एसएई जे२८०७ या पद्धतीत गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरतात, हे जाहिरातीत कोण सांगणार! तुम्ही दोघंच जाणार असाल तर हीच गाडी ऐसपैस आहे. पाच जण आणि यापेक्षा मोठा ट्रेलर असेल तर सरळ पिकअप बघा, आणि तिचंही लेबल वाचा.

सामान ट्रेलरमध्ये ढकललं की सुटलो असंही नाही. मागच्या टोकाला जड भरलं की दांड्यावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जड वस्तू आसावर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. पाण्याची टाकीही हिशेबात घ्या, एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड.

अंदाज पुरेसा नाही, वजन करा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा असतो. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतील असं उभं राहायचं. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी, माणसांसकट, पुन्हा तोलायची. दोन्ही वेळच्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे दांड्याचा भार. बाबांना हा प्रकार मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कइतकाच आवडला. पावती त्यांनी जपून ठेवली आहे.

कोलोरॅडोत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कायदा नसता तरी मी लावलेच असते. ट्रेलरला ब्रेक असून भागत नाही, ते गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. बाहेरून हिच बसवून घेतला तर बऱ्याचदा चार पिनांचं सॉकेट मिळतं, त्यातून फक्त दिवे चालतात. सात पिनांचं मागून घ्या, ब्रेकची निळी तार त्यात असते. कंट्रोलर ‘प्रपोर्शनल’ घ्या, म्हणजे गाडी जितकी जोरात थांबेल तितकाच ट्रेलरही. आम्ही टेकॉन्शा प्रॉडिजी पी-३ गुडघ्याजवळ बसवला. रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २५ मैलांवर हातातली कळ दाबत जोर वाढवायचा, चाकं लॉक होऊ लागली की एक पायरी खाली यायचं. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या साखळ्या दांड्याखालून फुली मारून लावा. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी जी बारीक वायर असते, ती साखळीत नको, गाडीला वेगळी अडकवा.

आता रस्ता. आय-७० हायवेने पश्चिमेला सुमारे साडेतीनशे मैल. शुक्रवारी दुपारी निघू नका, सगळं डेन्व्हर तेव्हाच निघतं. १ सप्टेंबर ते ३१ मे मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात बर्फाचे टायर किंवा चाकांना लावायच्या साखळ्यांचा नियम आहे. ऑक्टोबरात ऊन बघून फसू नका.

आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे एक तृतीयांश गेलेली. आम्ही उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे, ताशी चाळीसएक मैलांनी, इंजिन ओरडत असताना चढलो. त्यात काही बिघडत नाही. खरी काळजी बोगद्यापलीकडे आहे. सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार, वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. गिअर बोगद्यातच खाली आणा, उतार लागल्यावर नाही. वेग वाढला की ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबा आणि सोडा. पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून निकामी होतात. सिल्व्हरथॉर्नला उतरून चाकांचे नट परत आवळले आणि हबजवळ हात नेऊन पाहिला. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. व्हेल पास १०,६६२ फुटांचा, पलीकडे पुन्हा तोच उतार.

ग्लेनवूड कॅन्यन देखणा, पण पाऊस झाला की दरड येते. २०२१ मध्ये तो रस्ता दोनेक आठवडे बंद होता. निघताना कोट्रिप ही कोलोरॅडोच्या रस्त्यांची स्थिती सांगणारी वेबसाइट बघा. फ्रुटाला टाकी भरून घ्या, पुढे युटात वस्ती विरळ. तिथे आडवा वारा असतो, आणि ट्रक ओलांडून जाताना ट्रेलर हलका ओढला जातो. हेलकावे सुरू झाले तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, गाडीचा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि कंट्रोलरची हातातली कळ दाबा. ट्रेलरचे टायर बऱ्याचदा ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात. आम्ही ६०वर गेलो. पेट्रोल नेहमीच्या जवळपास दुप्पट लागलं.

आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नाही आणि जागेगणिक लांबीची मर्यादा वेगळी, तेव्हा बुक करताना जुळवून बघा. आम्ही डेड हॉर्स पॉइंट या जवळच्या स्टेट पार्कला राहिलो. वीज होती, पण पाणी वर टँकरने आणतात, ट्रेलरची टाकी तिथे भरता येत नाही. घाटात उगाच वजन नको म्हणून डेन्व्हरहून रिकामी टाकी नेली आणि मोआबला भरली. वरचा चढ मोठा आहे, पण खिंडींच्या मानाने सौम्य.

परतीला रविवारची दुपार टाळा. डेन्व्हरच्या अलीकडे जेनेसीजवळ खाली मैदान दिसतं आणि संपलं असं वाटतं. नाही संपत. ‘ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून उतार आहे’ अशा अर्थाच्या पाट्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत. सी-४७० हायवेचा फाटा येईपर्यंत गिअर खालीच राहू द्या.