तुमच्या सत्काराला 'पहिली महिला' का नसते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न मला दर डिसेंबरात कुणी ना कुणी विचारतंच. सातारा जिल्ह्यात आमचं छोटंसं महिला मंडळ आहे, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही ज्या कामांत अजून पुरुषच जास्त दिसतात अशा कामांतल्या बायकांचा सत्कार करतो. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून ८ मार्चऐवजी ही तारीख. पत्रिका वाटल्या की फोन सुरू होतात, काकू ही कोण हो, ही तर पहिली पण नाही, हिच्या आधी चौघी-पाचजणी लागल्यात की त्या खात्यात, मग हिच्यात विशेष काय? विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, बऱ्याचदा बायकाच विचारतात.

तर, आम्ही मुद्दामच चौथी, सातवी, दहावी अशी शोधून काढतो.

पहिलीचं मोल कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्याच्या सुरेखा यादव घ्या, कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, १९८० च्या दशकाच्या अखेरीला रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, आधी मालगाडी, मग मुंबईची लोकल, मग घाट. आता घाट म्हणजे काय, तर बोरघाटात ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर चढायचं असा चढ आहे, कर्जतला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावतात आणि ती गाडी वर ढकलतात, आणि उतरताना सगळी मदार ब्रेकवर. अशा ठिकाणी त्यांनी गाड्या नेल्या. ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत नेली, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला रिटायर झाल्या. आशियातली पहिली महिला ट्रेन ड्रायव्हर आमच्या मातीतली, हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

पण मी इतकी वर्षं कार्यक्रमांतून बघतेय, पहिलीबद्दल बोलून झालं की लोक एक वाक्य हमखास टाकतात, "त्या काय, त्या वेगळ्याच आहेत हो." आणि त्या एका वाक्यावर स्वतःच्या पोरीचा विषय तिथल्या तिथं मिटतो. नवरात्रात आपण नवदुर्गा म्हणून फोटो छापतो, हार घालतो, मनापासून घालतो, पण बाईला देवीच्या रांगेत बसवलं की तिच्यासारखं व्हायची जबाबदारी कुणावर राहत नाही, देवीला फक्त नमस्कार करायचा असतो.

शीला डावरे यांचंच बघा. परभणीहून पुण्यात आल्या आणि १९८८ मध्ये रिक्षा चालवायला लागल्या, देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. १९८८! आणि आज २०२० नंतरही रिक्षाच्या ड्रायव्हर सीटवर बाई दिसली तर लोक वळून बघतात, मोबाईल काढून फोटो घेतात, सरकारला बायकांसाठी पिंक ई-रिक्षाची वेगळी योजना काढावी लागली. मधली पस्तीस वर्षं काय झालं? पहिलीचं कौतुक भरपूर झालं, पण दुसरीला कर्ज कोण देणार, परमिट कसं काढायचं, स्टँडवर तिला नंबर लावू देणार का, हे कुणी बघितलंच नाही. रेल्वेत उलटं झालं, तिथं भरती चालू राहिली, परीक्षा पास झाली की नोकरी, त्यामुळे आज देशात हजारापेक्षा जास्त महिला लोको पायलट, म्हणजे रेल्वे इंजिन चालवणाऱ्या बायका, आहेत आणि त्यातल्या बहुतेकींचं नाव तुम्हाला मला माहीत नाही. मला विचाराल तर ही नावं माहीत नसणं हेच खरं यश, आणि त्यांच्यातल्याच एकीला स्टेजवर आणावं असं मला वाटतं.

मागे एकदा आम्ही वीज कंपनीतल्या एका तंत्रज्ञ मुलीला बोलवलं होतं. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण आलं, त्या वाटेनं वीज खात्यात खांबावर चढायच्या कामाला बऱ्याच मुली लागल्या, ही त्यातलीच, आयटीआय केलेली, तालुक्यात तिच्या आधी दोघी-तिघी होत्याच. तिला आम्ही सांगितलं होतं की भाषण नको, तुझं सामान घेऊन ये. तर तिने टेबलावर कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे आणि डिस्चार्ज रॉड (तारेतला करंट जमिनीत सोडायची दांडी) मांडला आणि सांगायला लागली, की लाईन दुरुस्तीला गेल्यावर आधी सबस्टेशनला फोन करून फीडर म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाईन बंद करून घ्यायची, कामाची परवानगी म्हणजे परमिट घ्यायचं, मग एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा मोठा स्विच, उघडायचा आणि तिन्ही पाती खरंच सुटलीत का ते खालून डोळ्यांनी बघायचं, कारण कधी दोन सुटतात आणि एक चिकटून राहतं. मग डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीला जोडायची आणि नंतरच रॉड तारेला लावायचा, तिन्ही तारांना, काढताना बरोब्बर उलट. एका पोरीनं विचारलं, लाईन तर बंद केलीय मग हे कशाला? ती म्हणाली, "अगं कुणीतरी घरी जनरेटर लावतं आणि मेन स्विच पाडायचा विसरतं, तो करंट उलटा तारेवर येतो. ज्याचं डोकं शांत तोच वर चढतो, ताकदीचं काम फार थोडं आहे यात."

सभागृहात चिटपाखरू हललं नाही. नंतर पोरींनी हातमोजे घालून बघितले तर ते कोपरापर्यंत आले आणि बोटं पुढं लोंबायला लागली, तेव्हा तीच म्हणाली की माझ्याही हातात असेच येतात, मापाचे मागून घ्यावे लागतात, आणि सेफ्टी शूज ४ नंबरात तर मिळता मिळत नाहीत. आम्ही शाल आणि नारळ दिलाच, शालीत काही वाईट नाही, मान द्यायची ती आपली रीत आहे आणि तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या शालीमुळेच. पण साडीचे पैसे वाचवून तिच्या मापाचे शूज पुण्याहून मागवले. तेव्हापासून आम्ही पाहुणीला आधीच विचारतो, तुला कामात काय कमी पडतंय? कुणी चांगला टॉर्च सांगते, कुणी रेनकोट.

आणि खरा प्रश्न आला तो शेवटच्या रांगेतून. एक गृहस्थ, शेतकरी असावेत, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि विचारलं, "रात्रीची ड्युटी असती का?" सगळे वळले. मला वाटतं हा प्रश्न म्हणजे निम्मा कार्यक्रम. ती म्हणाली, असते, वादळात जास्त असते, एकटीला पाठवत नाहीत, जोडीनं जातो, आणि सबस्टेशनला बायकांसाठी बाथरूम आहे का हे पोस्टिंग घेतानाच विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. त्या गृहस्थांनी लगेच फॉर्म कधी निघतात ते विचारलं. आता मला सांगा, स्टेजवर आशियातली पहिली कुणी बसली असती तर त्यांनी तोंड उघडलं असतं का? तिच्यापुढे रात्रपाळीचं, बाथरूमचं विचारणं त्यांना लहान तोंडी मोठा घास वाटलं असतं. आणि पोरगी पाठवायची की नाही हे घरात ठरतं ते नेमकं ह्याच गोष्टींवर. रेल्वेच्या इंजिनात वर्षानुवर्षं टॉयलेटची सोयच नव्हती, आजही सगळ्या इंजिनांत नाही, बायका पाणी कमी पिऊन ड्युटी करतात. सत्काराच्या भाषणात हे कुणी बोलत नाही, पण शेजारच्या गावातली, ओळखीतली, आपल्यासारखीच पोरगी समोर असली की बोललं जातं.

आमच्याकडे एक नियम मात्र कडक आहे, सूत्रसंचालन करणारीनं "घर सांभाळून" हे शब्द वापरायचे नाहीत. पुरुष इंजिनिअरचा सत्कार करताना कुणी त्याला विचारतं का की डबा कोण करतं? पाहुणीला स्वतःहून घरचं बोलायचं असेल तर तिनं खुशाल बोलावं, पण पहिला प्रश्न कामाचाच.

खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, ३० मे २०२५ ला मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, १७ जणी, सगळ्या पेपरांत फोटो होते आणि हवेच होते. माझं लक्ष आता त्यांच्या मागून येणाऱ्यांकडे आहे. चौथ्या-पाचव्या बॅचची एखादी सुट्टीवर गावी येईल तेव्हा तिच्यासाठी पेपरवाले येणार नाहीत, तिला आम्ही बोलवू, आणि सकाळी किती वाजता उठवतात, मेसमध्ये काय मिळतं, गणितात किती मार्क लागतात हे सगळं पोरी तिला विचारतील.

तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर जरूर करा, मी लागेल ती मदत करते. फक्त दोन माईक घ्या. एक स्टेजवर ठेवा आणि दुसरा शेवटच्या रांगेत कुणाच्या तरी हातात द्या, कारण तिथल्या माणसाला पुढं यायला संकोच वाटतो.