टोकन हातात असताना पांडवलेणी चढायची असेल तर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माल खाली करायला आलेल्या ड्रायव्हरला पांडवलेणी, म्हणजे डोंगरात कोरलेली जुनी लेणी, कंपनीच्या गेटवरूनच दिसतात. पाथर्डी फाट्याच्या पुढे, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच डोंगर आहे. रिक्षाने पायथ्याशी जायचं, दोनशेच्या आसपास पायऱ्या, आरामात चढलं तरी वीस मिनिटं. वाटेत अवघड काही नाही. अवघड काय असेल तर गेटवरून पाय काढणं. म्हणून आधी गेटचंच सांगतो.

भिवंडीहून रात्री निघून सकाळी नाशकात पोचलं की गाडी गेटबाहेर लागते. खिडकीवर बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), इनव्हॉइस, ई-वे बिल (जीएसटीचा माल नेण्याचा परवाना), आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स दाखवायचं की टोकन, म्हणजे रांगेतला नंबर, मिळतं. इथपर्यंत दहा मिनिटं. त्यानंतर कधी तीन तास, कधी दिवस जातो. बसायला शेड नाही, ड्रायव्हरला संडास नाही, प्यायला पाणी टपरीवरचं. आणि नंबर फोनवर कळत नाही. वॉचमन गेटवर येऊन दोनदा ओरडतो. त्या वेळी जो हजर नाही त्याचा नंबर रांगेच्या शेवटी. एका कंपनीच्या गेटवर तर गाडीची वेळ आत घेतानाच लिहितात. सकाळी सातला आलेली गाडी दुपारी अडीचला आत गेली की कागदावर ती अडीचलाच आलेली असते. मधले साडेसात तास कुठेच नाहीत. मग हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मागायला गेलं की ट्रान्सपोर्टचा शेठ कागद दाखवतो आणि त्याच्याकडूनही काही निघत नाही. याचा राग अजून गेलेला नाही, कारण त्या रजिस्टरच्या ओळीवर आपली दिवसाची मजुरी ठरते.

यावर उपाय एकच. गाडी लावली त्याच मिनिटाला फोटो काढा. कंपनीचा बोर्ड, आपली नंबर प्लेट आणि समोरची रांग एकाच फोटोत आली पाहिजे, फोनमध्ये तारीख-वेळ आणि लोकेशन चालू हवं. तो लगेच ट्रान्सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, संध्याकाळी नाही. खिडकीवरच्या माणसाला बिल्टीच्या मागे आल्याची वेळ आणि शिक्का मागा. दहातले सात जण देत नाहीत, पण मागायचा. टोकनवर वेळ छापलेली असेल तर टोकन परत करण्याआधी त्याचाही फोटो ठेवा. एवढं केलं की पोच (माल मिळाल्याचा कागद) सही होऊन येईपर्यंत भांडायला कागद तरी हातात असतो.

आता डोंगरावर जायचं की नाही, हे खिडकीवरच तीन प्रश्नांत ठरतं. आत सध्या कितवा नंबर चालू आहे? डॉक, म्हणजे माल उतरवायचे धक्के, किती? एका गाडीला किती वेळ लागतो? समजा आपल्या पुढे नऊ गाड्या, दोन डॉक आणि गाडीला पन्नास मिनिटं. नवाला दोनने भागलं की साडेचार, म्हणजे पावणेचार तास. यातला अर्धाच वेळ आपला समजायचा, कारण मधली एखादी गाडी कागद चुकला म्हणून बाजूला काढतात आणि नंबर अचानक पुढे सरकतो. उलटंही होतं. जेवणाची सुट्टी आणि शिफ्ट बदलताना डॉक थांबतात. पांडवलेणीला जाऊन-येऊन, वर तासभर धरून, सव्वादोन तास पुरतात. हिशोबात साडेचार तासांच्या आत नंबर येत असेल तर जाऊ नका, गाडीत झोपा.

आणि रात्रभर चालवून आला असाल तरी आधी झोपाच. झोप न झालेल्या अंगाने पायऱ्या चढल्या तर उतरताना गुडघे लटपटतात.

क्लीनर सोबत असेल तर तो गाडीत थांबतो, प्रश्न मिटला. हल्ली बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो. मग पुढच्या आणि मागच्या गाडीच्या ड्रायव्हरचा, दोघांचाही नंबर घ्या, आपला द्या, आणि समोरच कॉल लावून खात्री करा. एकाचा फोन डिस्चार्ज होतो, हे ठरलेलंच. बदल्यात परत आल्यावर त्यांच्या गाड्या तुम्ही सांभाळायच्या. ही अदलाबदल मला कुठल्याही पार्किंगवाल्यापेक्षा भरवशाची वाटते.

गाडी सोडण्याआधी डिझेल टाकीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून घ्या, म्हणजे पाइप घालायला जागाच राहत नाही. झाकणाला कुलूप. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि उतार असेल तर मागच्या चाकाला लाकडी ठोकळा. दगड नको, तो निसटतो. कंटेनर असेल तर सीलचा नंबर वाचता येईल असा जवळून फोटो. ताडपत्रीची गाडी असेल तर मागच्या दोन्ही कोपऱ्यांच्या गाठींचा फोटो. गाठ मारण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. कुणी सोडून परत बांधली तर फोटोत लगेच कळतं. फोटो नसला तर कमी निघालेल्या मालाचे पैसे भाड्यातून कापले जातात.

ई-वे बिलाचं राहिलं. २०० किमीपर्यंत एक दिवसाची मुदत, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. भिवंडी-नाशिक त्यात बसतं, पण रांगेत दुसरा दिवस उजाडला तर आधी ती वेळ बघा. मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून ते काम लावा आणि मगच डोंगराकडे बघा.

चप्पल घालून चढू नका. सीटमागे मोज्यांसकट एक जोडी बूट ठेवा, लिटरभर पाणी घ्या. पायथ्याशी रिक्षातून उतरल्यावर पाच मिनिटं सपाट चालून घ्या. एकदम पायऱ्या सुरू केल्या तर तासन्‌तास दुमडलेली मांडी आखडते. तिकीट काढावं लागतं. माकडं आहेत, हातात पिशवी दिसू देऊ नका. उजेड असेपर्यंतच जा.

वर चोवीस लेणी आहेत. वेळ कमी असेल तर तीन, दहा आणि अठरा एवढीच बघा. अठरा नंबरचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), तीन नंबरमध्ये सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख. पण ड्रायव्हरने थांबायचं ते दहा नंबरच्या ओसरीत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथे कोरलेला आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. अक्षरं ब्राह्मी आहेत, आपल्याला वाचता येत नाहीत, पण दगडात इतकी खोल गेली आहेत की बोट फिरवावंसं वाटतं (फिरवू नका). त्यात त्याने काय दान केलं ते लिहिलंय. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंना उतरायला चौसोपी घरं बांधली, विहिरी आणि तळी केली, तापी, दमण आणि डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसौर, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि गोवर्धन इथलंच, नाशिकजवळचं. गुजरात लाइनवर गाडी चालवणाऱ्याला यातलं एकही नाव परकं नाही. तापी आणि दमणगंगा आपण आजही ओलांडतो. माल घेऊन चाललेल्या माणसाला पाठ टेकायला छप्पर आणि प्यायला पाणी लागतं, हे त्या लेखात नावानिशी लिहून ठेवलंय, आणि खाली गेटवर मात्र आजही शेड नाही.

याच रस्त्यावर आणखी दोन जागा आहेत. कसारा घाट चढून आल्यावर इगतपुरीला घाटनदेवी, दरीच्या कडेला अर्धा तास चालायला पुरे, पण पावसाळ्यात धुकं दाट असतं तेव्हा गाडी रस्त्याकडेला उभी करू नका. पुढे चांदवडला महामार्गालगत रेणुकामातेचं देऊळ. दोन्हीकडे टोकनची भानगड नाही, म्हणून सांगण्यासारखंही फार नाही. सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिलेली होती, ती तिथे घ्या.

पांडवलेणीवरून परत आल्यावर लगेच स्टेअरिंगवर बसू नका, वीस मिनिटं जाऊ द्या, पाणी प्या. खिडकीवर जाऊन चालू नंबर परत विचारा. आणि उतरताना मधल्या पायरीवरूनच मागच्या गाडीवाल्याला फोन लावा, पायथ्याशी रिक्षा मिळायला कधी कधी वेळ लागतो.