तुम्ही विचारलंत म्हणून: माझा चेक का नसतो

इथे अमेरिकेत निवडणूक आली की आमच्या मराठी मंडळात कोणीतरी विचारतंच. ताई, तुम्ही दारोदार फिरता, फोन करता, वाद तर घालताच घालता, मग उमेदवाराला डोनेशन द्यायची वेळ आली की कुठे गायब होता? परवा एकाने हसत हसत हात आखडता म्हटलं. कंजूष मी आहेच, पण कारण ते नाही.

1996. मी तेव्हा ग्रीन कार्डवर, म्हणजे मत नाही पण पैसे द्यायला कायद्याने मोकळी. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका उमेदवाराचं निधी जमवायचं जेवण होतं, माणशी अडीचशे डॉलर. आमच्या ह्यांचा एक मित्र एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होता, त्याला यायची फार हौस, उमेदवाराबरोबर फोटो काढून सांगलीला आईला पाठवायचा होता. पण व्हिसावरच्या माणसाचे पैसे चालत नाहीत. तर जेवणाची व्यवस्था बघणारे गृहस्थ म्हणाले, तुमच्याच चेकमध्ये घाला ना, त्यात काय. त्याने मला स्वयंपाकघरात अडीचशे कॅश दिले, मी पाचशेचा चेक लिहिला, फॉर्मवर सही केली. तेव्हा मी अकाउंट्सचं काम करायचे, म्हणजे दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर दाखवणं म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं कृपया म्हणू नका, मीच स्वतःला बरीच वर्षं ते सांगत होते.

पुढच्या जुलैत सेनेटमध्ये 1996 च्या निवडणुकीतल्या देणग्यांची चौकशी करणाऱ्या, सेनेटर फ्रेड थॉम्पसनच्या समितीची हिअरिंग सुरू झाली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, चीन सरकारातल्या वरच्या लोकांनी अमेरिकेच्या राजकारणात वजन वाढवायचा बेत आखला होता. झालं, निवडणुकीचा पैसा आणि देशाची सुरक्षा एकाच पातेल्यात. एका सेनेटरने तर आशियाई माणसाच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल केली, मग माफी मागितली. मी संतापले होते, ह्यांना म्हटलं, बघा, आडनाव वेगळं असलं की आपण सगळेच हेर.

आणि सप्टेंबरमध्ये समितीपुढे त्या भिक्षुणी आल्या. कॅलिफोर्नियातल्या शी लाय बौद्ध मंदिराच्या, जिथे एप्रिल 1996 मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर जेवायला गेले होते. मुंडण केलेलं डोकं, साधी वस्त्रं, समोर माइक. पक्षाला दिलेले चेक त्यांच्या नावाचे, पैसे मंदिराने भरून दिलेले, आणि नंतर कागद नष्ट केले हेही सांगितलं. मी इस्त्री करत टीव्हीवर सी-स्पॅन बघत होते, संसदेचं कामकाज दाखवणारं चॅनल. इस्त्री तशीच राहिली, ह्यांच्या शर्टाची बाही जळली, वासाने भानावर आले. यांनी जे केलं तेच मी केलंय, फक्त माझं अडीचशेचं.

त्या रात्री मित्राला फोन केला. त्याचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये होतं. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, वहिनी, हे तुम्ही कुणाला सांगितलंय का? नाही म्हटलं. "मग आता सांगूही नका, आणि मला इथे फोन करू नका." गणपतीला तो आमच्याकडे आला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही, नंतर टेक्सासला गेला एवढंच कळलं. फोटोची कॉपी माझ्याकडे होती, ती मी फाडली. हो, भिक्षुणींसारखीच.

आता तुम्ही म्हणाल, अडीचशे डॉलर, कोण विचारतंय. खरंय. त्याच काळात मोठमोठ्या कंपन्या आणि युनियन पक्षांना लाखांनी सॉफ्ट मनी, म्हणजे उमेदवाराला नाही तर पक्षाला दिलेला बिनमर्यादेचा पैसा, देत होत्या आणि ते कायद्यात बसत होतं! ते बंद व्हायला मकेन-फाइनगोल्ड कायदा यावा लागला, 2002 मध्ये, आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्च करायचं दुसरं दार उघडून मिळालं. थॉम्पसन समितीचा रिपोर्टसुद्धा पक्ष बघूनच दोन तऱ्हेचा निघाला. मग गुन्हेगार मी एकटीच का?

पण हे बोलून झालं की माझंच मला पटत नाही. परक्या नागरिकाचे पैसे न घेण्याचा तो नियम उगाच नाही. बाहेरच्या सरकारचा पैसा येतो तो असाच, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून, ओळखीच्या माणसाच्या चेकमधून. पुढे व्हिसावरचे एक वकील आणि एक डॉक्टर कोर्टात गेले, आम्ही इथे राहतो, टॅक्स भरतो, आम्हाला देऊ द्या म्हणून. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि निकाल बरोबरही वाटला. दोन्ही.

सिटिझन होऊन मला आता कितीतरी वर्षं झाली, देऊ शकते. पेन उचलते, "हे माझेच पैसे आहेत" त्या ओळीपर्यंत येते आणि उठून चहा टाकते. आमचे हे म्हणतात हा पापभीरूपणा नाही, नाटक आहे. असेलही.

पुढच्या रविवारी उमेदवार बाई माझ्या घरी येतायत. घरी बोलावून खाऊ घातलं तर हजार डॉलरपर्यंतचा खर्च देणगी धरत नाहीत, तेही वाचून ठेवलंय. चाळीस माणसं की साठ तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा, साबुदाणा भिजवायचाय.