जमिनीला टेकण्यापूर्वीचा वेग

अकरावीला प्रक्षेप्य गती, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: "सर, दगड खाली पडला की थांबतोच, मग त्याचा अंतिम वेग शून्य नाही का?" शंका रास्त आहे, कारण घोटाळा 'अंतिम' या शब्दातच आहे. गतीची समीकरणे त्वरण स्थिर असेपर्यंतच लागू पडतात. जमिनीचा स्पर्श होताच जमिनीचे बलही दगडावर कार्य करू लागते आणि ती समीकरणे तिथेच संपतात. म्हणून अंतिम वेग म्हणजे टेकण्याच्या अगदी आधीच्या क्षणीचा वेग.

समजा, २० मीटर उंचीच्या गच्चीवरून एक दगड १५ मीटर प्रति सेकंद वेगाने क्षितिजसमांतर फेकला. हवेचा रोध सोडून दिला, तर वेगाचा आडवा घटक शेवटपर्यंत १५ च राहतो. उभा घटक शून्यापासून वाढत जातो आणि २ × ९.८ × २० याचे वर्गमूळ (९.८ हे गुरुत्व त्वरण), म्हणजे १९.८ होतो. हे दोन घटक एकमेकांना न अडवता स्वतंत्रपणे चालतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते.

यंदा एका विद्यार्थिनीच्या वहीत दोन्ही घटक अचूक काढलेले होते, बाणही पट्टीने नीट आखलेले होते, आणि त्याखाली मात्र सरळ बेरीज होती: ३४.८. वेग ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला आकड्याबरोबर दिशाही असते. काटकोनातले बाण पायथागोरसच्या नियमानेच जोडावे लागतात, आणि तसे जोडल्यावर २४.८ मीटर प्रति सेकंद हे उत्तर येते. दिशा न लिहिता ते अर्धवटच राहते, म्हणून क्षितिजाखाली सुमारे ५३ अंश हेही लिहायलाच हवे.

मला या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग यापुढचा वाटतो. तोच दगड त्याच चालीने सरळ वर फेकला, आडवा फेकला किंवा सरळ खाली फेकला, तरी तो जमिनीला २४.८ याच चालीने भिडतो, कारण उंचीतून मिळणारी ऊर्जा तिन्ही वेळा सारखीच असते. वेळ मात्र फार वेगळा लागतो: वर फेकलेल्याला सुमारे ४ सेकंद, आडव्याला २ आणि खाली फेकलेल्याला जेमतेम १. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक उतरले की वर्गातले बहुतेक जण पुन्हा वही उघडून गणित पडताळू लागतात.