उद्धरण कोणत्या वाक्यात आले आहे?

काही दिवसांपूर्वी एका निवड समितीचा सदस्य म्हणून रासायनिक भौतिकीतील एका संशोधकाची प्रकाशनसूची माझ्याकडे आली. सूचीच्या माथ्यावर तीनच आकडे ठळक अक्षरांत दिले होते: शोधनिबंधांची संख्या, एकूण उद्धरणे (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा हवाला दिला) आणि एच-निर्देशांक. पुढची पाने उलटण्याआधीच समितीतल्या दोघांचे मत बनले होते आणि, खरे सांगायचे तर, माझेही अर्धेअधिक बनले होते.

एच-निर्देशांकाची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळाली आहेत, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ मिळालेली नाहीत, त्याचा निर्देशांक २०. मात्र ज्याने पाचच निबंध लिहिले, त्या पाचांना प्रत्येकी हजारो उद्धरणे मिळाली तरी त्याचा निर्देशांक पाचच्या वर सरकत नाही.

आमच्या विषयात याहून मोठी अडचण निराळीच आहे. 'नेचर' नियतकालिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली, तिच्यात सातव्या क्रमांकावर ली, यांग आणि पार यांचा १९८८ चा निबंध होता आणि आठव्यावर अ‍ॅक्सेल बेके यांचा १९९३ चा. दोन्ही डेन्सिटी फंक्शनल थिअरीतले, म्हणजे रेणूची ऊर्जा त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून काढण्याच्या सिद्धांतातले, आणि त्यांच्यावरच उभी असलेली बी३एलवायपी ही पद्धत आज असंख्य रसायनशास्त्रज्ञांच्या संगणकावर चालते. त्यांची उद्धरणे बहुतेक वेळा एकाच साच्याच्या वाक्यात येतात: 'सर्व गणने बी३एलवायपी पद्धतीने केली', आणि वाक्याच्या टोकाला दोन संदर्भक्रमांक. लिहिणाऱ्याने ते निबंध उघडून पाहिले असतीलच असे नाही. अनेकदा ते क्रमांक आधीच्या निबंधातून जसेच्या तसे उचललेले असतात. यात त्या कामाला कमीपणा नाही, उलट हजारो लोकांच्या हाती विश्वासार्ह अवजार देणे हे फार मोठे काम आहे. पण तो आकडा वापर मोजतो, आणि आपण तो वैचारिक प्रभाव म्हणून वाचतो.

याच्या उलट टोकाला बॉर्न आणि ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञांचा १९२७ चा निबंध आहे. अणुकेंद्रके इलेक्ट्रॉनांच्या मानाने जड आणि संथ असल्यामुळे दोघांच्या गतींचा विचार वेगवेगळा करता येतो, हे गृहीत धरल्याशिवाय रेणूची स्थितिज ऊर्जा कशी बदलते याचा नेहमीचा आलेखही काढता येत नाही. तरीही तो काढणारे क्वचितच त्या मूळ निबंधाचा हवाला देतात, कारण ती गोष्ट आता पाठ्यपुस्तकाची झाली आहे. कल्पना इतकी मुरली की तिची नोंद ठेवायची गरजच उरली नाही!

म्हणून मी त्या सूचीतले दोन निबंध निवडले आणि त्यांना उद्धृत करणारे लेखन उघडून एकेक वाक्य वाचत बसलो. काम कंटाळवाणे होते आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. सर्वाधिक उद्धरणांचा निबंध हा बऱ्याच सहलेखकांसह लिहिलेला आढावा होता, आणि त्याचे नाव बहुतेक ठिकाणी प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आणखी पाचसहा संदर्भांच्या रांगेत उभे होते. दुसरा निबंध सूचीत बराच खाली होता आणि त्याच्या नावावर मोजकीच उद्धरणे होती. पण त्यांतल्या एका गटाने त्याच्या अभिक्रिया-वेगाच्या समीकरणातील एका गृहीतकावर पानभर आक्षेप घेतला होता, आणि दुसऱ्या गटाने तेच समीकरण द्रवातील अभिक्रियांना लावून आक्षेप कुठपर्यंत खरा ठरतो हे तपासले होते.

समितीला दिलेल्या टिपणात मी तीन आकडे शेवटच्या ओळीत ठेवले आणि सुरुवात त्या आक्षेपापासून केली. बैठकीत पहिला प्रश्न आला तो एच-निर्देशांक किती, हाच. मात्र त्यानंतरचा अर्धा तास ते गृहीतक टिकते की नाही यावर चर्चा झाली.