माझ्या लॅपटॉपवर चाललं होतं

फ्रेमवर्क लिहिताना झाला नाही एवढा ताप ते लोकांच्या हातात देताना झाला. वरचा भाग पायथनचा, गाभा सी प्लस प्लसचा. आधी नुसता सोर्स द्यायचो. ज्याच्याकडे कंपायलर नाही तो पहिल्याच पायरीला अडायचा. डॉकर इमेजही (सगळ्या सिस्टिमसकट बांधलेला कंटेनर) करून पाहिली, पण इम्पोर्ट करायच्या लायब्ररीसाठी अख्खा कंटेनर कोण ओढत बसणार? म्हणून व्हील (आधीच कंपाइल केलेलं, थेट इन्स्टॉल होणारं पॅकेज) करून पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, टाकायचं ठरवलं.

तिथे घोडं पेंड खायला लागलं. उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलेली फाइल पायपीआय घेईचना. नावातला ‘लिनक्स’ टॅग चालत नाही, ‘मेनीलिनक्स’ (अनेक लिनक्सवर चालेल असं सांगणारा) लागतो. मी काय केलं? फाइलचं नाव बदललं. हो, हाताने! अपलोड झाली, मी खूश. सकाळी तीन तक्रारी, तिन्हींत एकच रड: ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). मी लावलेला टॅग होता मेनीलिनक्स २०१४, म्हणजे ग्लिबसी २.१७ असलेल्या जुन्या मशीनवरही चालेल असा शब्द दिलेला. माझ्या उबुंटूत ग्लिबसी २.३५. पिप (पायथनचा इन्स्टॉलर) बिचारा नाव वाचून इन्स्टॉल करतो, फुटतं ते इम्पोर्टला.

बरं, फाइल डिलीट करून पुन्हा तीच ०.४.१ आवृत्ती टाकावी तर तेही नाही. एकदा वापरलेलं फाइलनाव पायपीआय परत देत नाही. (आधी टेस्ट-पायपीआयवर, म्हणजे सरावाच्या पायपीआयवर, टाका आणि तिथून जुन्या कंटेनरमध्ये इन्स्टॉल करून बघा. मला हे नंतर सुचलं.)

मग ऑडिटव्हील, व्हील तपासून दुरुस्त करणारं टूल. बाहेरच्या लायब्रऱ्या ते व्हीलमध्ये भरून देतं, पण नव्या ग्लिबसीशी जोडलेल्या फाइलला जुना टॅग लावायला साफ नकार देतं. त्याच्याशी झटापट करण्यात दोन रात्री घालवल्या, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की बिल्डच जुन्या सिस्टिमवर व्हायला हवा. सीआयबिल्डव्हील नावाचं टूल नेमकं तेच करतं: मेनीलिनक्सच्या कंटेनरमध्ये प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी बिल्ड, वर ऑडिटव्हीलही स्वतःच चालवतं. मॅक आणि विंडोजची व्हीलं त्याच कॉन्फिगमधून निघाली. अल्पाइन लिनक्सवाल्यांसाठी मात्र मसललिनक्सचं वेगळं व्हील द्या, तिथे ग्लिबसीच नसतं.

०.४.२ सुरळीत गेली. आणि ०.४.१ डिलीट न करता यँक करायला हवी होती (म्हणजे नव्यांना मिळत नाही, पण तोच आकडा पक्का लिहिलेल्यांना मिळते). एकाच्या नव्या मशीनवर ती व्यवस्थित चालत होती, रिक्वायरमेंट्समध्ये तोच आकडा पक्का लिहिलेला. त्याचा बिल्ड माझ्या डिलीटने पडला.